मूळ शॉट

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या घरात त्याचा स्वतःचा एक धड व्हिडिओ सापडायचा नाही. बार्शीच्या सुहास म्हेत्रेंचंही तेच झालं. गावातल्या निम्म्या लग्नांचे हार, अक्षता, पाठवणीची रडारड त्यांच्या कॅमेऱ्यात बंद होती आणि स्वतः म्हेत्रे कुठंच नव्हते. असलेच तर एखाद्या नवरीच्या मागच्या आरशात अर्धा खांदा आणि टोपी. माणूस जन्मभर कॅमेऱ्याच्या अलीकडं उभा राहिला, त्याला कोण काय करणार. त्यामुळं ते गेले तेव्हा, शेवटच्या घटकेला ते कसे होते हे ठेवायला घरात एकच जागा उरली. ती म्हणजे त्यांच्या मुलीचं, अन्विताचं डोकं.

अन्विता तेव्हा दहावीत होती. सुट्टीत पप्पांबरोबर केबल धरायला जायची आणि धंद्याच्या रीती बघायची. मंगळसूत्र बांधताना एखाद्या मामाचा हात आडवा आला आणि शॉट गेला, की म्हेत्रे शांतपणे म्हणायचे, "नवरदेव, परत एकदा." मग नवरदेव परत बांधायचा, भटजी परत मान हलवायचे, नवरीची आई परत डोळे टिपायची. गंमत म्हणजे दुसऱ्या वेळी सगळे जरा बरेच दिसायचे.

तिनं एकदा विचारलं होतं, "पप्पा, मग ह्यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही कार्डात आहेत की," पप्पा म्हणाले होते. "मूळ शॉट कुठं पळून जातोय? चांगला दिसतो तो लोकांना दाखवायचा."

पोरीनं हे वाक्य घट्ट धरून ठेवलं. पुढं तिचा घात झाला तो ह्याच वाक्यानं.

म्हेत्रे गेले ते बायपासवरच्या एका मोठ्या मंगल कार्यालयात. स्टेजवर दिवे टांगायला लोखंडी सांगाडा उभा केला होता, आणि मालकाच्या पुतण्याला नवरीच्या एंट्रीचा शॉट बरोबर वरून हवा होता. म्हेत्र्यांनी सांगाडा हलवून बघितला. "हा डुलतोय ओ. आधी बोल्ट आवळू द्या," ते म्हणाले. पुतण्या म्हणाला, "चढताय का दुसऱ्याला बोलवू? आणि मग ह्या कार्यालयाची पायरी परत चढायची नाही." म्हेत्र्यांनी पुढं वाद घातला नाही. चपला काढल्या, लेन्सचं झाकण अन्विताच्या हातात दिलं, "तू तिकडं लांब थांब," एवढंच म्हणाले आणि चढले. सांगाडा त्यांच्यासकट खाली आला.

पोलिसांच्या कागदात मात्र वेगळंच आलं. कॅमेऱ्यातलं कार्ड सापडलं नाही. मांडववाल्या पोरांनी काही ऐकलं नव्हतं. त्यांनाही त्याच कार्यालयात कामं मिळवायची होती. मालकानं लिहून दिलं की कॅमेरामनला कुणी चढवलं नाही, तो स्वतःच्या हौसेनं चढला.

हौसेनं चढला. ह्या दोन शब्दांपायी अन्विताची आई, शुभांगी, कोर्टात गेली. तिला दुसरं काही नको होतं. आपल्या माणसानं नाही म्हटलं होतं, एवढं कुणीतरी मोठ्या खुर्चीतून बोलावं आणि ते दोन शब्द पुसले जावेत, बास. नाही म्हटलेलं ऐकणारी एकटी अन्विता होती. तिनं ते आईला एकदाच सांगितलं, आणि आईनं परत कधी विचारलं नाही. कारण त्यांचे वकील, मुलाणी, ह्यांनी दोघींना समोर बसवून बजावलं होतं, "पोरी, तारीख लागेपर्यंत ती आठवण उकरू नकोस. जशी आहे तशी झाकून ठेव. हल्लीची कोर्टं वेगळी झाली आहेत."

वेगळी झाली होती ती पट्टीमुळं.

त्या काळात कुणी काय लिहिलंय ह्यावर कुणाचा विश्वासच उरला नव्हता. यंत्रं इतकं सुरेख लिहायला लागली होती, की पुण्याजवळ भोरला निघालेल्या नव्या चित्रपट संस्थेकडं प्रवेशाच्या अर्जाबरोबर येणाऱ्या प्रत्येक मनोगतात कुणाचे ना कुणाचे आजोबा अंधाऱ्या थिएटरात मुकाट रडत असायचे. निवड समितीनं हात टेकले. मग पट्टी आली. तिच्यामागचं शास्त्र तसं साधं होतं. माणूस स्वतः भोगलेली गोष्ट आठवतो तेव्हा मेंदूत नुसते शब्द जागे होत नाहीत. ती जागा, तिथला वास, आपण कुठं उभे होतो, हात कुठं होता, हे सांभाळणारे भागही त्याच क्षणी बरोबर जागे होतात. जुळवलेली गोष्ट सांगताना शब्दांचा भाग तेवढा धावतो आणि बाकीचे गप्प पडून राहतात. कपाळावर बांधायची ती पट्टी हा फरक टिपायची आणि तुम्ही लिहाल किंवा बोलाल त्या प्रत्येक ओळीशेजारी रेघ ओढायची. हिरवी म्हणजे जगलेलं, करडी म्हणजे रचलेलं. संस्थांनी पट्टी डोक्यावर घेतली, आणि त्यांच्या मागोमाग कोर्टांनीही.

पट्टी बनवणाऱ्यांनी माहितीपत्रकात अगदी बारीक टायपात एक गोष्ट सांगून ठेवली होती. पट्टी काय घडलं ते सांगत नाही. मेंदूनं आज काय घडलं म्हणून ठेवलंय ते सांगते. बारीक टायप वाचायला कुणाला वेळ असतो?

अन्विता पदवीधर झाली आणि तिनं संस्थेचा अर्ज भरला. दिग्दर्शनाच्या वर्गाला इनमिन बारा जागा. मनोगताचा प्रश्न होता: तुम्हाला सिनेमा का करायचा आहे, ते स्वतः अनुभवलेल्या एका प्रसंगातून सांगा. आता तिच्याजवळ प्रसंग तो एकच. दुसरं काय सांगणार होती ती, बारावीच्या गॅदरिंगचं?

मनोगताची तयारी करून घेणाऱ्या बेहेरे मॅडम पुण्याहून स्क्रीनवर शिकवायच्या. बाई प्रेमळ होत्या, हुशार होत्या आणि विद्यार्थ्याला पोटातलं बोलायला लावण्यात पटाईत होत्या. अन्वितानं पहिला खर्डा त्यांनी कुरियरनं पाठवलेली पट्टी बांधून त्यांच्यासमोर लिहिला. चपला काढल्या, तिथं हिरवी रेघ. झाकण हातात दिलं, हिरवी. पुतण्याच्या वाक्याशी मात्र रेघ थरथरली आणि करडी झाली. तिथं तिला आवाज आठवत होता, चेहरा आठवत नव्हता. मग मधेच काळोख, आणि त्यानंतर एकदम खाली पडलेलं सगळं.

"असं होतं," मॅडम म्हणाल्या. "माणूस घाबरला की मेंदू तुकडे तेवढे ठेवतो. पण संस्थेला तुकडे चालत नाहीत गं, सलग हिरवं लागतं. आणि अजून एक सांगू? तुझे वडील ह्यात नुसते दुसऱ्याचं ऐकतात. जन्मभर कॅमेरा धरलेला माणूस. वरून ते सगळं कसं दिसेल, ह्याचं त्यांना काहीच वाटलं नसेल?"

"मला माहीत नाही, मॅडम."

"मग शोध. त्यांच्याकडं परत जाऊन बघ."

केस चालू आहे हे अन्वितानं मॅडमना सांगितलं नाही. आणि मुलाणी वकिलांचं बोलणं तिला आठवलं नाही असंही नाही. आठवलं होतं. पण वकील लोक काय, कशालाही नको म्हणतात. आणि ती मूळ आठवण पुसणार थोडीच होती? एक रीटेक घ्यायची होती, संस्थेला दाखवण्यापुरती. मूळ शॉट कार्डात असतोच.

दुपारी आई शाळेत गेली, की ती खोलीचं दार लोटून पट्टी बांधायची. आई एका शाळेत खिचडी शिजवायच्या कामाला होती. डोळे मिटून अन्विता कार्यालयात शिरायची. मोगऱ्याचे गजरे, जनरेटरचा धूर, मसालेभाताचा वास, पायाखालचा लाल गालिचा. हे सगळं खरंच होतं, म्हणून रेघ लगेच हिरवी पडायची. मग ती मनात म्हणायची, "पप्पा, परत एकदा."

पहिल्यांदा ते नुसते थांबले. मग एका दुपारी वळले. मग एकदा वळून हसले. तिनं त्यांना वाक्य दिलं, "वरून लय भारी दिसंल गं," आणि ते त्यांच्याच आवाजात बोलले. झाकण द्यायचं तिनं काढून टाकलं, तो हात मोकळा केला आणि आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. पुतण्या फ्रेममध्ये उगाच गर्दी करत होता, त्याला तिनं बाजूला सरकवलं.

आणि खरं सांगायचं तर हे तिनं नुसतं संस्थेसाठी केलं नाही. मूळ आठवणीत पप्पांनी तिच्याकडं शेवटचं बघितलंच नव्हतं. मान खाली घालून, चिडून चढले होते. रीटेकमध्ये ते दर वेळी बघायचे. दर वेळी डोक्यावर हात ठेवायचे. पोरीला त्याची चटक लागली. कुणाला लागली नसती? मनोगत पाठवून झालं, वरपासून खालपर्यंत हिरवंगार, आधीचे खर्डे पुसून, तरी ती काही दिवस दुपारी पट्टीशिवाय डोळे मिटून बसायची आणि बापाला भेटून यायची.

मग कोर्टाची तारीख लागली.

"अनू, लागली एकदाची," शुभांगी भाकरी थापता थापता म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत नव्हता तेवढा उजेड होता. "मुलाणी म्हणाले, तुझ्या साक्षीवर सगळं आहे. आठवतंय ना नीट? मला सांगू नकोस. नुसतं हो म्हण."

"हो," अन्विता म्हणाली, आणि सहज म्हणून आत बघितलं. पप्पा हसत होते. ती थांबली, परत बघितलं. पुतण्याचं वाक्य तिला शब्दांनी येत होतं, पाढा यावा तसं, पण ते कुणी म्हटलं, कुठून म्हटलं, तिथं काहीच नव्हतं. समोर आई तव्यावरची भाकरी उलटत होती आणि गुणगुणत होती.

तिनं गच्चीवर जाऊन बेहेरे मॅडमना फोनवर गाठलं. सगळं सांगितलं.

"केस आहे हे तू मला आधी सांगायला हवं होतंस गं."

"मॅडम, मूळ परत कसं आणायचं तेवढं सांगा."

"मूळ असं कुठं नसतं, अन्विता." मॅडमचा आवाज बारीक झाला होता. "आठवण म्हणजे ठेवलेली फिल्म नव्हे. आपण आठवतो तेव्हा मेंदू ती बाहेर काढतो आणि काही तास ती ओल्या मातीसारखी मऊ असते. त्या वेळात तिच्यात जे मिसळेल ते धरून ती परत वाळते. पुढच्या वेळी आपल्याला मिळते ती वाळलेली नवी. जुनी वेगळी काढून ठेवलेली नसते. तू किती वेळा...?"

किती वेळा ते अन्वितानं मोजलं नव्हतं.

"मग मी कोर्टात काय सांगू?"

"तुला जे खरं माहीत आहे ते सांग," मॅडम म्हणाल्या, पण दोघींनाही कळत होतं की माहीत असणं आणि आठवणं ह्यांत आता अंतर पडलं होतं, आणि पट्टीला त्यातलं एकच ओळखता येत होतं. आईला हे सांगायचं, असं ठरवून ती जिना उतरली. खाली शुभांगी कोर्टात नेसायच्या साडीला कडक इस्त्री करत होती. अन्विता पाणी प्यायली आणि काही न सांगता साडीचं दुसरं टोक धरून बसली.

कोर्टाची खोली लहान होती, पंख्याचा आवाज मोठा. न्यायाधीश बाई तरुण होत्या. त्यांनी स्वतः उठून बघितलं, पट्टी घट्ट तर होत नाही ना. "घाई नाही. आठवेल तसं सांग. तुटक असलं तरी कोर्टाला चालतं," त्या म्हणाल्या.

तुटक चालतं. हे ऐकून अन्विताला रडू फुटायचं बाकी राहिलं.

ती म्हणाली, "मालकाच्या पुतण्यानं विचारलं, चढताय का दुसऱ्याला बोलवू." भिंतीवरच्या पडद्यावर रेघ उमटली. करडी. "पप्पा म्हणाले, सांगाडा डुलतोय, आधी बोल्ट आवळू द्या." करडी. पहिल्या बाकावर शुभांगी पडद्याकडं बघत होती. तिला रंगांचं सगळं समजत होतं; मुलाण्यांनी समजावून आणलं होतं.

कार्यालयाच्या बाजूचे वकील आवाज चढवणारे नव्हते. अगदी मायेनं म्हणाले, "बाळ, पाठ केलेलं राहू दे. डोळे मीट. तुझे वडील सांगाड्याजवळ आहेत. काय दिसतंय?"

अन्वितानं डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"सांग ना. शपथ घेतलीयस तू."

"हसताना दिसतात," ती म्हणाली.

हिरवी.

"काही बोलतात?"

"वरून लय भारी दिसंल, म्हणतात."

हिरवी, लांबलचक, कुठं तुटलेली नाही.

मग तिनं सगळं ओकून टाकलं. हे मी बनवलंय, म्हणाली. चित्रपट संस्थेच्या मनोगतासाठी. दुपारी बसून, परत परत. पट्टीनं त्यालाही हिरवी रेघ दिली, कारण त्या दुपारी खऱ्याच होत्या. मुलाण्यांना क्षणभर आशा वाटली. पण समोरचे वकील न्यायाधीश बाईंना म्हणाले, "मॅडम, सराव केला हे आम्हीही मान्य करतो. मनोगत लिहिणारा प्रत्येकजण करतो. प्रश्न असा आहे की त्याआधी काय होतं. ते साक्षीदारानं दाखवावं."

मुलाणी पुढं आले. "पोरी, तू आईला सांगितलं होतंस, चढायच्या आधी त्यांनी तुझ्या हातात काहीतरी दिलं होतं. आठव. हातात काय आहे तुझ्या?"

अन्वितानं डोळे मिटले आणि जीव खाऊन शोधलं. गालिचा होता. मोगरा होता. पप्पांचा हात तिच्या डोक्यावर होता. तिनं स्वतःच्या हाताकडं बघितलं.

"काही नाही," ती म्हणाली.

निकाल लागायला वेळ गेला नाही. मयत स्वतःच्या हौसेनं चढला असं दिसून येतं, असं बाईंनी वाचलं, आणि वाचताना वर बघितलं नाही. दोन शब्द पुसायला आलेली शुभांगी त्याच दोन शब्दांवर शिक्का मारून घेऊन बाहेर पडली.

मुलाणी वकील पायरीवर उभे होते. त्यांनी अन्विताच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

रिक्षात मायलेकी शेजारी बसल्या. स्टँड गेलं, भाजी मंडई गेली. अन्विता आई काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत होती. ओरडली असती, एक थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

"अनू," शुभांगी शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तू तेव्हा लहान होतीस. मला बरं वाटावं म्हणून सांगितलंस ना ते? पुतण्याचं?"

"नाही आई. ते खरं होतं. आज सांगितलं ते खोटं."

"मग तुला दिसत का नाही?"

"मी पुसलं आई. माझ्या हातानं. शपथ सांगते."

"पट्टी खोटं बोलत नाही म्हणतात," शुभांगी म्हणाली. "असू दे. मी रागावले नाही. लेकरू होतीस, आईसाठी केलंस." तिनं अन्विताचा हात हातात घेऊन थोपटला, लहानपणी तापात थोपटायची तसा. मग रस्त्याकडं बघत राहिली. "हसत चढला. खाली तू उभी होतीस, घरी मी होते. शॉटपुढं काही दिसलं नाही त्याला. आणि मी इतकी वर्षं लोकांशी भांडत बसले, की माझा माणूस तसला नव्हता."

अन्वितानं तोंड उघडलं. पण कशाच्या जोरावर बोलायचं? आतून बघितलं तर तिलाही तो हसत चढतानाच दिसत होता. तसं काही झालं नव्हतं हे तिला माहीत होतं, आपला जन्म कुठल्या वारी झाला हे माहीत असावं तेवढंच.

घरी आल्यावर शुभांगीनं साडी बदलली, चहा टाकला. भिंतीवर म्हेत्र्यांच्या आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला फोटो होता; रोज संध्याकाळी ती त्याच्यापुढं उदबत्ती लावायची. त्या दिवशी लावली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अन्वितानं लावली तेव्हा ती काही बोलली नाही, उठून मागच्या दारी गेली.

संस्थेचा निरोप त्यानंतर आला. निवड झाली होती. कोर्टात जे झालं ते अन्वितानं संस्थेला कळवलं, प्रवेश रद्द करा असंही लिहिलं. संस्थेचं उत्तर सभ्य होतं. मनोगत पूर्ण हिरवं आहे, नियमाप्रमाणे ते अस्सल धरलं जातं, आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, वर्ग जूनमध्ये सुरू होतील.

"जा की मग," शुभांगी म्हणाली. "त्याच्यावर गेलीयस तू. राहवणार नाही तुला." आधी हे वाक्य तिनं कौतुकानं म्हटलं असतं.

बॅग भरताना टेबलाच्या खणात, तळाशी, अन्विताला एक लेन्सचं झाकण मिळालं. काळं, कडेला थोडं घासलेलं. हे आपण इतकी वर्षं का ठेवलं असेल? मग मुलाणी वकिलांचा प्रश्न आठवला आणि तिनं बॅग बाजूला सारली. झाकण तिनं तळहातावर ठेवलं, मूठ मिटली, डोळे मिटले. हाताला आठवेल, असं तिला वाटलं. डोक्यानं टाकलं असलं तरी हातानं काहीतरी ठेवलं असेल.

बाहेर आई कुणाशी तरी फोनवर बोलत होती, पोरगी पुण्याला चालली म्हणून सांगत होती.

अन्विता मूठ घट्ट आवळून वाट बघत राहिली. कार्यालय आलं. मोगरा आला, जनरेटरचा धूर आला. पप्पा वळले, तिच्याकडं बघून हसले, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. प्रकाश चांगला होता. फ्रेमही बरोबर लागली होती.